दाण्याच्या वेळचा खोकला

सोमवार, ४

आले एकदाची! खोली माझी, एकटीची. दहा बाय आठ असेल, एका भिंतीला पोपडे आलेत, पण दाराला आतून कडी आहे. त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी आतून कडी लावून बसले आहे. दोनदा काढून पुन्हा लावून पाहिली, वेड्यासारखी. भावाकडे मी पॅसेजमध्ये झोपायचे आणि पाणी प्यायला उठलेला प्रत्येक जण माझ्या पायांना ठेचकाळून मलाच बोलायचा. निघताना वहिनी फार गोड वागली. मी चप्पल घालेपर्यंत माझी गादी माळ्यावर गेली होती. तिथे आता कपाट ठेवणार आहेत म्हणे. परत येऊ नकोस असं ती म्हणाली नाही, कपाटाचं तेवढं तीनदा म्हणाली.

केंद्राची इमारत पूर्वी बर्फाचा कारखाना होती. भिंती जाड, आत गारवा. पक्ष्यांच्या तापाची बातमी पसरल्यापासून लोक घरचे पोपट, लव्हबर्ड, कनेरी इथे आणून सोडतात. ते घ्यायचे, दाणापाणी करायचं, हे माझं काम. दगदग नाही, डोक्यावर सासू नाही. मजेत राहीन.

मंगळवार, ५

कामाची पद्धत समजली. मोठ्या खोलीत बासष्ट पिंजरे, तीन रांगांत. प्रत्येकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला. निळा म्हणजे बरा, लाल म्हणजे खोकणारा. सकाळी आठला मी दाण्याचा डबा घेऊन आत जाते. डॉक्टर घड्याळ हातात धरून दहा मिनिटं काचेपलीकडे उभे राहतात, कारण दाण्याच्या वेळी पक्षी सगळ्यात जागे असतात. काच जाड आहे, त्यांना ऐकू काहीच येत नाही. खोकला ऐकला की मी हात वर करायचा, ते मान हलवतात, मी लाल चिमटा लावते. म्हणजे कान माझे, निर्णय त्यांचा. डॉक्टर माणूस सभ्य आहे, मला अहोजाहो करतो. पण आत पाऊल टाकत नाही.

दुपारी सफाईवाली मावशी लाल पिंजरे मागच्या अंगणात नेते. तिथे एक पत्र्याची पेटी आहे, तिला नळी जोडलेली. मी डॉक्टरांना विचारलं, दुखतं का हो? ते म्हणाले, झोप लागल्यासारखं असतं. मावशी नुसतं फडकं पिळत राहिली, पाणी कधीच संपलं होतं तरी.

खिडकीवर लोकांना काय सांगायचं तेही शिकवलं: मोठ्या पिंजऱ्यात मोकळं सोडतो. मोठा पिंजरा कुठेच नाही.

गुरुवार, ७

काय एकेक नमुने येतात! एक जोडपं गाडी पुरती न थांबवताच पिंजरा फाटकाशी टेकवून पळालं. एक बाई हातमोजे घालून आली. पोपट घ्या म्हणाली, पिंजरा मात्र चांगला आहे, तेवढा धुऊन परत द्या. सोडायचं कारण विचारलं की सगळ्यांचं ठरलेलं, घरात लहान मुलं आहेत हो. एका काकांबरोबर कोणीही लहान मूल नव्हतं, तर म्हणाले, पुढे होतील.

मला चीड येते. सहा-सहा वर्षं ज्याच्याशी लाडे लाडे बोललात त्याला एका बातमीवर उचलून दुसऱ्याच्या गळ्यात मारता? मी तसली नाही. मी प्रत्येकाला नाव ठेवलं आहे. डबा उचलला की सगळे जाळीला येऊन लटकतात. माझ्यावर इतका जीव आजवर कोणी लावला नव्हता.

शनिवार, ९

आज एक म्हातारे शिंपी आले. आले म्हणजे सुनेने आणले. ती रिक्षातच बसून राहिली. त्यांच्या हातात पिंजरा, त्यात हिरवा पोपट, नाव गुंडी. डोळे शर्टाच्या गुंडीसारखे आहेत म्हणून. म्हणाले, घरी मी मशीन थांबवलं की त्याला पेरू द्यायचो, तर भूक लागली की हा मशीनसारखा खडखड करतो. खिडकीतच त्याने करून दाखवलं. हुबेहूब! मी खूप हसले.

टेलरकाका निघेनात. बाकावर बसले. शेवटी मी नियमाकडे कानाडोळा केला, डॉक्टर गेल्यावर त्यांना आत घेतलं. बदल्यात त्यांनी माझ्या खोलीसाठी पडद्याचं माप नेलं. रोज येतो म्हणाले.

मंगळवार, १२

पाच लाल चिमटे. पाचांचा खोकला अगदी सारखा. दोन छोटे, एक लांब, आणि शेवटी नाक ओढल्याचा आवाज. डॉक्टर म्हणाले, साथ शिरली. पाचही माझे लाडके, पुढच्या रांगेतले.

काका पडदा शिवून घेऊन आले. खाली छान दुमड घातली आहे. तो लावला आणि खोली एकदम घर झाली.

गुरुवार, १४

कालचे नऊ, आजचे अकरा. नवे आलेलेही तीन दिवसांत खोकायला लागतात. मला वाईट वाटतं, पण हात वर करावाच लागतो. नेमके जे माझ्यासाठी सगळ्यात आधी जाळीवर झेपावतात तेच खोकतात. मागे गप्प बसणारे तुसडे मात्र ठणठणीत.

शुक्रवार, १५

सकाळी मी दार उघडलं आणि अख्खी खोली खोकली.

एकदम. सगळ्या रांगा. दोन छोटे, एक लांब, नाक ओढणं. मी डबा घेऊन तशीच उभी. कनेरीसारखा टीचभर पक्षी, त्याच्या गळ्यातून माणसाचा खोकला. मी बाहेर आले, दार लावून कान लावला. आत नुसती किलबिल. पुन्हा उघडलं. पुन्हा खोकले, माझ्याकडे बघून.

काचेपलीकडे डॉक्टर उभे होते. मी हात वर केला. किती, अशी त्यांनी खूण केली. मला सांगता येईना. हात तसाच वर ठेवला.

शनिवार, १६

काकांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, ताई, आजारी कसले, ते तुम्हाला हाक मारतायत. डबा उचलला की तुम्ही खोकता ना, दोन छोटे, एक लांब, मग नाक ओढता. त्यांच्यासाठी तेच तुमचं नाव.

मी म्हटलं, मी कुठे खोकते? आणि खोकले.

दाण्यांची धूळ असते, असं मीच म्हणाले. ते म्हणाले, हो, धूळच असणार, गरम पाणी पीत जा. शेजारी गुंडी होता. त्याने आता मशीन सोडलं आहे. माझ्याकडे बघून तोही खोकला, आणि काका त्याला शाबास म्हणाले.

आतापर्यंत चौपन्न गेले. चौपन्न जणांनी मला दाणे मागितले आणि मी हात वर केला. जे जास्त जीव लावत होते ते आधी. मला रडू आलं, खोटं नाही सांगत. रडता रडता खोकला आला, तो थांबेना. भिंतीपलीकडून उरलेल्यांनी लगेच ओ दिली.

सोमवार, १८

धूळ नाही. ताप आहे. रुमालावर तांबूस ठिपका.

डॉक्टरांना आज सांगायचंच असं ठरवून गेले होते. तेच आधी म्हणाले, इथल्या माणसाला खोकला झाला तर त्याच दिवशी बाहेर, खोली रिकामी, औषध फवारून कुलूप. सहज म्हणाले, नियम म्हणून. मी म्हटलं, बरोबर आहे.

पॅसेजमध्ये कपाट आहे. मी कुठे जाऊ? कपाटात?

आज लाल चौदा.

मंगळवार, १९

गुंडी मोठ्यांदा खोकतो. दार बंद असलं तरी बाहेर ऐकू जातं. आणि टेलरकाका ते कोणाचं आहे ते ज्याला त्याला हसून सांगतील, त्यांच्या मनात काही नाही म्हणूनच सांगतील.

गुंडीला लाल लावला. चिमटा लावताना त्याने माझं बोट चोचीत धरलं, चावला नाही, नुसतं धरलं.

दुपारी काका आले. मी सांगितलं, मोठ्या पिंजऱ्यात सोडला. त्यांनी विचारलं, तिथे वारा लागतो का, गुंडीला वारा सोसत नाही. मी म्हटलं, नाही हो, वारा अजिबात नाही.

ते तरीही बसून राहिले, रिकाम्या पिंजऱ्याशेजारी. घरी जाऊन करायचं काय, म्हणाले.

गुरुवार, २१

तपासणीचे कागद आले. मेलेल्या पक्ष्यांची फुप्फुसं साफ. एकालाही काही नव्हतं. डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. परवा सकाळी ते स्वतः आत येणार, मास्क लावून, माझ्या शेजारी उभं राहून ऐकणार.

आत सत्तावीस आहेत. सत्तावीसच्या सत्तावीस माझ्या नावाने हाक मारतील.

शुक्रवार, २२

सत्तावीस लाल. चिमटे कमी पडले, दोरीवरचे काढून आणले. डॉक्टरांना म्हटलं, रात्रीतून सगळे बिघडले, थांबण्यात अर्थ नाही. त्यांनी तपासणीचे कागद घडी घालून खिशात ठेवले. मग त्यांनी मान हलवली. लोक फाटकावर ओरडत होते, आत साथ आहे, पेटवून द्या म्हणत होते, म्हणून हलवली असेल.

मावशी पिंजरे नेताना थांबली. माझ्याकडे नीट बघितलं. तिने काही विचारलं असतं तर बरं झालं असतं.

अंगणातून शेवटपर्यंत हाका येत होत्या. दोन छोटे, एक लांब. मग एकच छोटा. मग —

शनिवार, २३

टेलरकाकांना सुनेने आणून सोडलं. बाकावर. पिशवी मांडीवर, गळ्यात मफलर. ती लांबूनच म्हणाली, घरात लहान मुलं आहेत हो, दोन दिवस ठेवून घ्या. रिक्षा थांबवलेलीच होती.

खिडकीत मी. समोर ते. काका खोकले.

दोन छोटे, एक लांब. नाक ओढलं.

मला क्षणभर वाटलं, चेष्टा करतायत. नव्हते करत. ओठ निळे होते.

डॉक्टर आले. काकांना विचारू लागले, कुठे कुठे गेला होता, कोणाजवळ बसला होता. काकांनी तोंड उघडलं. ते काही बोलायच्या आधी मीच बोलले. म्हटलं, हे रोज चोरून आत शिरायचे. पिंजऱ्यांशी तोंड लावून बसायचे. यांनीच आणला खोकला, बिचारे पक्षी यांच्यापायी गेले.

एका दमात बोलले. खोकला आला नाही.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर मी झोपू शकले असते. म्हणाले, हो, मीच बसायचो. मग मला म्हणाले, ताई, गुंडीला पेरू देत जा.

इस्पितळाची गाडी आली. दोघांनी त्यांना काखेत धरून उचललं. माझ्या खोलीचा पडदा खिडकीतून दिसत होता, ते तिकडे बघत होते.

रविवार, २४

खोली रिकामी. बासष्ट पिंजरे, दारं उघडी.

इतकी शांतता नको होती. पक्षी होते तोवर माझा खोकला त्यांच्यात खपून जात होता. कोणी विचारलं तर बोट दाखवायला इतकी तोंडं होती. आता या अख्ख्या इमारतीत खोकणारं एकच तोंड. हे मला आधी कसं सुचलं नाही — मी सगळे —

गाडीवाल्याचा निरोप. काका पहाटे गेले. शेवटी पोपटाचं काहीतरी बोलत होते म्हणे.

ताप वाढलाय. श्वास घेतला की आत शिट्टी वाजते. डबा नुसता उचलून पाहिला, सवयीने. कोणी ओ दिली नाही.

सोमवार, २५

आठ वाजले. डॉक्टर माझ्या खोलीच्या दाराबाहेर आहेत. मावशीही. तिने सांगितलं वाटतं.

म्हणतात, बाहेर येऊ नका, फक्त काहीतरी बोला. आवाज ऐकू द्या. आम्ही इथेच उभे आहोत.

बोलले तर येईल. नाही बोलले तरी —

घड्याळ धरून उभे असतील. दहा मिनिटं. कोणीही दहा मिनिटं दाबू —

काका हो म्हणाले. कशाला हो म्हणाले

उशी तोंडात कोंबली आहे. एक आला. दाबला. दुसरा दाबला. आता तो लांब —