ओसेजांकडे गेलेला वकील

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज मी मिझुरीतल्या माझ्या स्वयंपाकघरात बसून तुमच्यापुढे बढाई मारतोय. रिटायर झाल्यापासून इथल्या एका छोट्या म्युझियममध्ये मी आल्यागेल्याला माहिती सांगतो. इथल्या मराठी मंडळातली पोरं चिडवतात, "काका, आराम करा ना यार! हे ओसेज आणि कोण?" अरे, ओसेज म्हणजे इथली मूळ आदिवासी जमात, हा मुलूख मुळात त्यांचा. अमेरिका नवी होती, तेव्हा सरकारनं एका तरुण लष्करी अधिकाऱ्याला त्यांच्याकडे बोलणी करायला धाडलं. शत्रूच्या कैदेतून सुटलेली त्यांची माणसं घरी पोचवायची, मैत्रीचा निरोप सांगायचा, आणि पुढच्या वाटेसाठी घोडे मागायचे. आपल्याकडे अशा माणसाला वकील म्हणत.

वकील म्हटलं की मला सातवीचं गॅदरिंग आठवतं. मी शत्रूच्या दरबारात गेलेला वकील, पागोटं कपाळावर घसरतंय आणि मी बोलतोय, बोलतोय. टाळ्यांतच पडदा पडला. राजा झालेल्या पोराचं उत्तर त्याच्या तोंडातच राहिलं. मी शाबासकीची वाट बघत उभा, आणि तुम्ही माझं पागोटं सरळ करत म्हणता, "अरे, वकील नुसता बोलायला जात नाही. ऐकून यायला जातो."

गेल्या शनिवारी पर्यटकांच्या घोळक्यात ओक्लाहोमाच्या एक आजी होत्या. मी रंगात आलो होतो. प्रवाहाविरुद्ध ओढलेल्या होड्या, मग ते गाव, परतलेल्या बायकामुलांना मिठ्या मारून रडणारे घरचे लोक. इथं माझा आवाज हळू होतो, तुम्ही कविता म्हणताना शेवटच्या कडव्याला व्हायचा तसा. मी थांबलो, तेव्हा आजी शांतपणे म्हणाल्या, "मी ओसेज आहे."

नकाशावर दाखवायची काठी मी त्यांच्या हातात दिली. "मग तुम्हीच सांगा," म्हटलं, आणि समोरच्या बाकावर जाऊन बसलो.

"घोडे द्यायला आमच्या लोकांनी बरीच कुरकुर केली," त्या म्हणाल्या. "शहाणे होते!" सगळे हसले. मग काठी नकाशातल्या नदीवर टेकवून म्हणाल्या, "आमची माणसं त्यानं घरी आणून पोचवली, हे खरंच. पण पुढं करारामागून करार झाले, आणि ते घरच आमचं राहिलं नाही. मी ही नदी काल पहिल्यांदा पाहिली."

टाळ्या वाजल्या नाहीत. आता म्युझियमनं त्यांना पुन्हा बोलावलंय, खास ही गोष्ट सांगायला, आणि त्यांची ओळख मी करून देणार आहे. बाई, इतक्या वर्षांच्या इंजिनियरकीत मला कशाचा एवढा अभिमान वाटला नव्हता. बायकोला म्हटलं, ही आमच्या बाईंची शिकवण.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून एवढं लिहायचा धीर होतो. आजींनी हात सुरुवातीलाच वर केला होता. मला दिसला होता. पण तो रडण्याचा प्रसंग माझ्या तोंडून फार छान होतो, बाई. तेवढा संपवूनच मी त्यांच्याकडे वळलो.