चौथी लाटी मोठी

धुळे,
ता. १२ नोव्हेंबर १९८७

तीर्थस्वरूप कुंदावहिनींस,
लीलाधरचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे खुशाल. छगनदादाचा खोकला थांबला का? नशिराबादला थंडी पडली असेल, त्याला गार पाण्याने अंघोळ करू देऊ नका.

बातमी अशी, की इथे इंग्रजीच्या शिक्षकांचं शिबिर चालू आहे आणि शिकवायला मला नेमलंय. लांबलचक शब्द घ्यायचा, तुकडे पाडायचे, जोर कुठल्या तुकड्यावर ते सांगायचं. आम्ही मास्तर मंडळी सगळे तुकडे सारख्याच जोराने ठोकतो. मी टेबलावर कणकेचे गोळे मांडले. एक्झॅमिनेशन: पाच तुकडे, चौथा मोठा. मंडळी खूश! मोठ्या साहेबांनी विचारलं, "युक्ती कुणाची?"

असो.

वहिनी, बी.एड.च्या तोंडी परीक्षेत मी आपटलो ते वर्ष आठवतं? मी ओट्यावर बसून शब्द घोकत होतो, तुम्ही रोजच्यासारख्या रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या ऐकत दोऱ्याने पापडाच्या लाट्या कापत होतात. मध्येच हटकलंत, "भाऊ, रेडिओवाली बाई असं नही म्हनत. बठ्ठा तुकडा सारखा नही शेतस, एक भारी शे." आणि लाट्याच मांडून दाखवल्यात. इलेक्ट्रिक: तिनांत दुसरी मोठी. इलेक्ट्रिसिटी: पाचांत तिसरी. शब्दाचा अर्थ विचारला तर म्हणालात, "अर्थ माले काय माहीत? कान शेतस ना!"

काय कान ते! मी डिक्शनरी उघडून पडताळत बसलो, एक चूक सापडेना. असा गुरू मला कॉलेजातही भेटला नाही.

आणि मी साहेबांना म्हणालो, "माझीच युक्ती." सातवी शिकलेल्या, सोनगीरच्या माहेरची अहिराणी बोलणाऱ्या वहिनीचं नाव चाळीस मास्तरांपुढे घ्यायची मला लाज वाटली.

काल जेवण गेलं नाही. आज सकाळी सगळ्यांसमोर उभा राहून खरं ते सांगितलं. साहेब रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मग पुढच्या शनिवारी बाईंनाच बोलवा."

मी हो म्हणून बसलो. आधी तुमचं नाव लपवलं, आता तुम्हाला न विचारता शब्द दिला. दोन्ही वेळा चुकलो. हवं तेवढं रागवा, पण या. एस.टी.वर घ्यायला मी येतो. चाळीस मास्तर खाली बसतील, त्यांत एकेचाळिसावा मी असेन.

आजवर नुसता दीर म्हणवून घेणारा,
तुमचा विद्यार्थी
लीलाधर