फेरतपासणीत आढळलेली चूक

अनगोळ, बेळगाव
११ डिसेंबर २०२३

रचनाक्का,

नमस्कार. काकूंना माझा जय जिनेंद्र सांग. त्यांचे गुडघे आता कसे आहेत? इकडं थंडी लई पडलीय. बेळगुंदीहून आईनं तुझ्यासाठी रताळी पाठवलीत. तू नोकरी सोडून निपाणीला गेलीस, हे मी तिला सांगितलेलं न्हाय. तिनं कारण विचारलं असतं.

फोन तू उचलत न्हाईस, ते बरोबरच आहे. म्हणून लिहितेय.

तुझं मॉडेल दुरुस्त होऊन लागू झालं. कर्जं किती बुडतील याचा अंदाज वर गेलाय, त्यामुळं बँकेला आता जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागणार. सगळे म्हणतात, प्रियदर्शनीनं वेळेवर पकडलं. मॉडेल तपासणाऱ्या आमच्या विभागाची प्रमुख म्हणून माझं नाव पुढं गेलं. लोक अभिनंदन करतात, मी मान खाली घालते. त्यांना तो साधेपणा वाटतो.

आक्का, मला काहीच सापडलं नव्हतं. मी तर तुझं मॉडेल योग्य आहे म्हणून सही करून मोकळी झालते. कोल्हापूरच्या लग्नाहून येताना कोगनोळीच्या नाक्यावर आपली गाडी अडकली, तेव्हा तू म्हणालीस, "प्रिया, घोळ झालाय गं. कोरोनात हप्ते थांबवायची मुभा होती न्हवं, ती खाती मी वेळेवर भरणारी म्हणून धरलीत. धोका आहे त्यापेक्षा कमी दिसतोय. सोमवारी मीच सांगते, माझी चूक म्हणून. तुझ्यावर काय येऊ देत न्हाय."

मी "व्हय" म्हटलं. पण घरी आल्यावर भीती वाटायला लागली. चूक तुझी ठरली तरी विचारणार होतेच, तपासणारी काय झोपलती? सोमवारी बैठकीत तू तोंड उघडायच्या आत मी उठले. "फेरतपासणीत मला एक गंभीर चूक आढळलीय." पुढं सगळं तुझंच बोलणं.

बैठक घेणाऱ्या नागेंद्र साहेबांनी तुला विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?"

तू माझ्याकडं बघितलंस. मी पाण्याच्या बाटलीचं टोपण फिरवत बसले. तू म्हणालीस, "होतं."

एवढंच. तू चूक लपवलीस असं ठरलं. ते खोडायला माझं एक वाक्य पुरलं असतं.

आज साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आयतु बिडि, प्रियदर्शनी. झालं गेलं, सोडा. मॉडेल सुधारलं की, आता कशाला उकरता?" ते ऐकून क्षणभर मला बरं वाटलं, हेही तुला कळू दे. आणि त्या बरं वाटण्याचीच जास्त लाज वाटली. मग मी जागेवर जाऊन लेखापरीक्षण समितीला लेखी कळवलं. प्रमुखपदासाठीचं नावही मागं घेतलं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या मजल्यावर पसरलं. माझ्याशी कोण बोललं न्हाय.

समितीचा माणूस तुझ्याकडं येईल. त्याला घडलं तसं सांग, मला सांभाळून घेऊ नकोस. एकदा सांभाळायला निघालीस, त्याचं मी काय केलं ते तू बघितलंसच.

आजवर खाली 'तुझी धाकटी' असं लिहीत आले. आज नुसतं नाव लिहिते.

प्रियदर्शनी