दुकानातली गाठ

कोल्हापूर,
बुधवार, ता. ११ नोव्हेंबर १९९८

तीर्थरूप आप्पांना विद्याश्रीचा शरणु शरणार्थी नमस्कार.

मी इकडे बरी आहे. तुमचा गुडघा आता दुखत नसेल असे समजते. फोन केला की तुम्ही "थोडक्यात सांग, गिऱ्हाईक हाय" म्हणता, म्हणून आपल्या धाकट्या दानूची हकीकत क्रमाने लिहिते.

१. मंगळवारी, ता. ३ला ऑपरेशन झाले. जठर उघडून केसांचा गोळा काढला. तो जठराच्याच आकाराचा झाला होता. वजन पाऊण किलोच्या वर.
२. गोळ्याला वेणीसारखे शेपूट होते, ते लहान आतड्यात उतरले होते. तेही ओढून काढले.
३. रविवारपासून पुन्हा उलट्या. शेपटाचा एक तुकडा तुटून आतड्यात पुढे अडकला आहे.
४. नाकातून नळी घातली आहे. तोंडाने काही नाही. रक्त चढवणे चालू आहे.
५. शनिवारी, ता. १४ला दुसरे ऑपरेशन. सर्जन सर म्हणाले, पोरगी फार अशक्त झाली आहे, मागच्या वेळेइतकी खात्री मी देत नाही.

सहावा मुद्दा आहे. त्याला क्रमांक घालता येत नाही.

पहिल्या ऑपरेशननंतर सरांनी ट्रे बाहेर आणून दाखवला, तेव्हा तुम्ही मान फिरवलीत. बयाआत्या पुढे झाली.

"अग्गो बया, केस! दादा, म्या म्हणत न्हवतो व्हय? करणी हाय ही. त्या गौरीनं खायाला घातलंय."

सर म्हणाले, "मावशी, हे तिनं स्वतः खाल्लेत. आजार आहे हा. क्वचित होतो, पण होतो."

"डॉक्टरसाहेब, पोरीचं केस बोटभर. ह्ये हातभर. आन् कसं काळंभोर, गौरीगत! आता बोला की."

सर आत गेले, दुसरा पेशंट टेबलावर होता. आणि तुम्ही त्याच संध्याकाळी गौरीला, आमच्या चिगव्वाला, मुरगूडला तिच्या माहेरी धाडलेत. आपला रुद्रेश तिला स्टँडवर सोडायला गेला होता. ती एवढेच म्हणाली म्हणे, "दानूला बघून गेलो असतो."

आत्याला दोन गोष्टी सांगा. जठरातल्या आम्लाने कुणाचेही केस काळेच पडतात. एखाद्या म्हातारीचे पांढरे असते तरी काळेच निघाले असते. आणि चैत्रापर्यंत दानूचे स्वतःचे केस कमरेपर्यंत होते. ती ते खाते हे घरात फक्त चिगव्वाच्या लक्षात आले. तिने तुम्हाला सांगितले होते. तुम्ही म्हणालात, "सावत्रपणा दाखवू नको." मग तिने दानूचे केस कापले, तर गल्ली म्हणाली, बघा, सावत्र आईनं पोरीला भुंडी केली.

पण गोळ्यातले सगळे केस दानूचे नव्हते.

गोळा तपासणीला आमच्या लॅबमध्ये आला. तो दुसऱ्या कुणाला देता आला असता. मी घेतला. कापला तेव्हा मधोमध निळी नायलॉनची दोरी निघाली, करंगळीएवढी. तिला गाठ होती. मी कुणालाच बोलले नाही. गाठ मारलेली दोरी पोटातून निघाली हे आत्याला कळले असते, तर माणसे जमवून ती मुरगूडला गेली असती. हे एक कारण. दुसरे असे, की तुमचे दुसरे लग्न झाल्यापासून आपल्या घरात अव्वाचे नाव कुणी घेत नाही, आणि या दोरीबद्दल तिचे नाव घेतल्याशिवाय लिहिता येत नाही.

शेवटच्या आजारात अव्वाचे केस गळत होते. तिने गुंतवळ टाकले नाही, साठवले, आणि त्याचे गंगावन, वेणीला जोडायचा झुबका, करून घ्यायचे ठरवले. तिचे हात सुजले होते. दिवाळीच्या आदल्या दिवशी दुकान बंद करून तुम्ही आलात आणि तो झुबका पुड्याच्या निळ्या दोरीने तुम्हीच बांधून दिलात. मी आणि दानू तिथेच बसलो होतो. तुम्ही म्हणालात, "सुटायची न्हाय ही. मेलीस तरी." अव्वा म्हणाली, "मग वर जाऊन तुमच्या नावानं बोंब मारते." तुम्ही दोघे हसत होतात.

यंदा श्रावणात ते गंगावन ट्रंकेतून नाहीसे झाले. तुम्ही चिगव्वाला सगळ्यांदेखत विचारलेत, "केस घेणाऱ्या भांडीवालीला घातलंस व्हय? एका पातेल्यापायी?" ती एकदाच "न्हाय" म्हणाली आणि आत गेली.

मी गाठ भिंगाखाली पाहिली. दोन वेढे, टोक मागून आत, वर एक फास. साखरेच्या पुड्याला तुम्ही मारता तीच. दुकानातल्या गुंडूला दहा वर्षांत जमली नाही. आत्या ज्याला करणी म्हणते, आप्पा, ती गाठ तुमची आहे.

काल मी दानूला विचारले.  ती म्हणाली, "अव्वाचा वास येत हुता त्याला. आदी नुसतं तोंडात धरत हुतो. मग गिळलं." मी विचारले, कुणाला ठाऊक आहे? "चिगव्वाला. तिनं बघितलं. म्हणाली, आप्पांना सांगत न्हाय, पर परत खायाचं न्हाय."

म्हणजे पातेल्याचा आरोप तिने खरे माहीत असून अंगावर घेतला.

दानू आता भुवया उपटते. डावी निम्मी गेली आहे. नळीही ओढते, म्हणून रात्री तिचे हात पट्टीने कॉटला बांधतात. मी बांधू देते, दुसरा उपाय मला माहीत नाही. तिने सांगितले, "चिगव्वा बांधायची न्हाय. शेंगा द्यायची फोडायला." ऑपरेशनला नेताना चिगव्वा जवळ हवी आहे, एवढेच दानू मागते. मी चालणार नाही का, असे मी विचारले नाही.

दोरी रुद्रेशबरोबर पाठवते आहे. बाटलीत घालण्याआधी मी तिचा वास घेऊन पाहिला. फक्त औषधाचा होता. तुम्ही एकटे असताना बाटली उघडा. गाठ सोडू नका.

मुरगूडला तुम्ही स्वतः जा, रुद्रेशला पाठवू नका. तिला काय म्हणायचे ते तुमचे तुम्ही ठरवा. आत्याला बरोबर नेऊ नका.

चिगव्वा येणार की नाही, ते शुक्रवारी, ता. १३ला दुपारी बारापर्यंत लॅबच्या फोनवर कळवा. नकार असला तरी कळवा. दानूला काय सांगायचे, ते मला त्याआधी ठरवता येत नाही.

तुमची आणि अव्वाची,
विद्याश्री