फळीवरची गाठोडी

मार्ग. शु. ५, बाजार

भीमपूरचा बाजार भरला न भरला, पोलिसाचा अमीन दोन जवान घेऊन दुकानात. बाजाराला आलेल्या बाया आपली गाठोडी माझ्या फळीवर ठेवतात, जाताना नेतात. सासूपासूनची रीत. दुसऱ्याची गाठ सोडायची नाही. अमीनानं चाकूनं सगळ्या कापल्या. हळदीच्या एका गाठोड्यातून छापील कागद निघाले. निजाम सरकारच्या विरुद्धचे, पैनगंगेपलीकडून आलेले. मला काय ठाऊक. वास तर हळदीचाच होता.

शु. ६

काल चावडीत बसवून ठेवलं. अमीन म्हणे, माल तेरे पास मिला, तो जुर्म तेरा. नाव सांग, नाहीतर दुकानाला कुलूप अन् तुला तुरुंग.

मी म्हटलं, "कोनाचं कोनतं ते मी गाठीवरून वळखते. गाठी तर तुमीच कापल्या, साहेब. बांधून द्या पहिल्यासारख्या, सांगते."

एक जवान तोंड फिरवून हसला. अमीन लाल. पुढच्या बाजारापर्यंत मुदत. अन् हुकूम, येथून पुढं प्रत्येक गाठोडं सोडून पाहायचं, मगच ठेवायचं.

कापायच्या आधी मी गाठ पाहिली होती. कोणाची ते इथंही लिहीत नाही. हळदवाल्या बाजारात पुष्कळ आहेत.

शु. ९

घरी मालक चिडले, नवरा म्हणून बोलायचा हक्क त्यांचा. "काऊन जीव टांगून ठेवतं? आपन ना छापलं ना वाचलं. सांगून टाक."

ठेवलं माझ्या भरवशावर. सांगून टाकू कशी?

ती हळदवाली मागच्या दारानं आली. रडली. तिलाही म्हणे नदीवर कोणी दिलं, आत काय ते न सांगता. खरं का खोटं, तिचं तिला. चांगली झापली. हळद विकतं तं हळदच आन, म्हटलं.

शु. १२, बाजार

वाटलं, आज कोणी फिरकणार नाही. फळी दुपारच्या आत भरली, खाली ओट्यावर ठेवायला लागलं. छाती फुगली, खोटं काऊन लिहू. एकही सोडून पाहिलं नाही.

तीही आली. गाठोडं पुढं केलं, माझ्याकडं पाहिलं. उचललं तर हळदीत कागद वाजला.

मागच्या खेपेला ठाऊक नव्हतं. आता तसं म्हणता येणार नाही.

परत द्यायला हात पुढं केला होता. मग गाठ ढिली दिसली. मीच आवळली अन् फळीवर ठेवलं, सगळ्यांसमोर.

अमीन पानवाल्यापाशी उभा होता. आता इकडंच येऊन राह्यला.