विहिरीवरचा फेस

निर्णा,
ता. १४ जुलै १९७४

ती. नरसिंगअण्णास,
धाकट्या शोभाचा सविनय जयभीम. वि. वि. तब्येती बऱ्या आहेत, पण घरात चैन न्हाई. आपल्या नव्या विहिरीवर वाकलेल्या जांभळीवर कुणीतरी थुंकायलंय. पांढरे, फेसाळ गोळे नेमके पाण्यावर लोंबतात. गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते म्हणून ह्यांनी कित्येक उन्हाळे खपून ही विहीर खणली. ह्यांचा संशय शेजारच्या धुळाप्पावर. काल बांधावरून त्याला नको ते बोलले. आता जांभळीच्या फांद्या तोडून त्याला पंचांपुढं उभं करतो म्हणतात. माझा जीव थाऱ्यावर न्हाई. तुम्ही जंगलखात्यात साहेब झालात, बहिणीला विसरलात. दोन ओळी तरी टाका. माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
शोभा

जंगल नाका, जि. शिमोगा,
ता. २३ जुलै

चि. सौ. शोभास,
जयभीम व आशीर्वाद. साहेब कसला, अंगावरच्या जळवा उपटणारा गार्ड मी. पत्र वाचून हसलो, मग धास्तावलो. ती थुंकी न्हाई गं! झाडावरच्या बेडकाची मादी पाण्यावरच्या फांदीला असा फेस करून त्यात अंडी घालते. पिल्लं खाली पाण्यात पडतात. इथल्या डबक्यावरही एक हिरवा बेडूक तसंच करतो. आमच्या साहेबांच्या पुस्तकात त्याचं नावसुद्धा न्हाई. तुमचा त्याच जातीचा नसेल, पण रीत तीच. इथं रस्त्यासाठी ठेकेदार डबक्यावरच्या फांद्या तोडायलाय. सांगून पाहिलं, माझं कोण ऐकतंय? तुझी जांभळ तरी वाचव. रामरावांना म्हणावं, पंच बोलावण्याआधी विहिरीच्या पायरीवर, फेसाखाली उभं राहून बघा. हे पत्र वेळेत पोचेल का, हीच घालमेल. सगळ्यांना माझी आठवण सांग.
तुझा,
नरसिंगअण्णा

निर्णा,
ता. ४ ऑगस्ट

ती. अण्णास,
सविनय जयभीम. तुमचं पत्र येईपर्यंत एक फांदी तुटली होती. दुसरीखाली हे पायरीवर उभे राहिले. फेस ओघळला अन् वळवळणारे ठिपके पाण्यात टपकले. ह्यांचं तोंडच उतरलं. स्वतः जाऊन धुळाप्पाला घेऊन आले, चुकलो म्हणाले. तो वर बघून म्हणाला, बेडूक ओळखू आला न्हाई, माझी थुंकी बरी ओळखू आली. हे म्हणाले, लहानपणापासून तीच बघत आलो, दुसरं काय ओळखणार?

धुळाप्पा विहिरीच्या काठावर टेकला. मग तहान लागली म्हणाला. त्याच्या घरचं कुणी आजवर आपलं पाणी प्यालं न्हाई. मी घागर विहिरीत सोडली. पहिल्या घागरीत पिल्लं आली. त्यानं वाकून ती हळूच विहिरीत सोडली अन् दुसरी घागर काढा म्हणाला.

तुमच्या डबक्याचं काय झालं, ते कळवा.
तुमची,
शोभा