सामियाची आई खोलीतच थांबली

४ फेब्रु., मंगळ.
क्लिनिकमध्ये नवी पेशंट, सामिया. सुदानची, इथे कॅरी शहरात फार्मा कंपनीत नोकरी. पहिलं बाळ, विसावा आठवडा. ग्लोव्हज घालायला लागले तर म्हणाली, "आधी मी सांगते, मग बघा." सात वर्षांची असताना तिचं जननांग कापून शिवलं होतं, तिकडे मुलींची सुंता करतात तसं. मागे एका दवाखान्यात डॉक्टरने न विचारता विद्यार्थी बोलावले, बघायला. मी ग्लोव्हज काढून ठेवले. तपासलंच नाही. बारा वर्षं मिडवाइफ आहे, इतकी ताठ बसलेली पेशंट आठवत नाही.

१८ फेब्रु.
आज तपासू दिलं. तिचा हात माझ्या मनगटावर. दाबला की थांबायचं. दोनदा थांबले.
शिवलेलं बाळंतपणाआधीच उघडून घ्यायचं, असं तिने ठरवलंय. सुदान सोडून आता कैरोत असलेली आई येतेय त्यासाठी.
"तीच घेऊन गेली होती मला त्या बाईकडे."
मग तिला कशाला बोलावतेस, असं तोंडावर आलं होतं. तीच म्हणाली, "ती खोलीत हवी मला."

६ मार्च
झालं. भूल देऊन, अर्धा तासही नाही. डॉक्टरच्या शेजारी मी, उशाशी आई, फोनवर अरबी दुभाषी.
आईचा एकच प्रश्न, "दुखतंय का तिला?" नाही म्हटलं. परत तेच. तिसऱ्यांदा विचारल्यावर सामिया काहीतरी बोलली. दुभाषीने ते पुन्हा विचारून घेतलं. मग, "त्या म्हणताहेत, हे तेव्हा विचारायचं होतंस."
आई बाहेर गेली नाही. लेकीच्या कपाळावर हात ठेवला. सामियाने तो राहू दिला.
मी पार्किंगमध्ये किती वेळ गाडीतच...

१२ मार्च
सामियाचा फोन. लघवीला आता मिनिटही लागत नाही. बायकांना एवढाच वेळ लागतो हे तिला माहीतच नव्हतं. हसत होती. मग रडली. मीही.

२० जून, शुक्र.
मुलगी. सात तास कळा. आईने कंबर चोळत ठेवली, खुर्चीवर टेकली नाही. डोकं दिसलं तसं सामियाने स्वतः हात लावला, मग आईचा हात ओढून तिथे नेला. शेकडो बाळंतपणं केली, असं नाही पाहिलं.
नंतर आईने दुभाषीकडून विचारलं, "परत शिवणार?"
"नाही," सामिया इंग्रजीत म्हणाली. मला. मग अरबीत. तिला.

२२ जून
घरी सोडलं. आजी बाळाला दुपट्यात गुंडाळत होती, फार हळू. सामिया सप्टेंबरपासून कामावर. बाळ कोणाजवळ, आजीजवळ? मी विचारलं.
आईकडे बघत म्हणाली, "तेच बोलतोय आम्ही. रोज थोडं थोडं."